वाड्याची कुत्री आणि कोकणची वाट

कुत्र्याला मोटारीत घालून समुद्रकाठी चार दिवस हिंडून येणे ही अलीकडच्या नोकरदार कुटुंबांची हौस आहे, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. बारामतीत, इंदापुरात, आता अगदी खेड्यांतूनही पाळीव कुत्रे असलेली घरे वाढली आहेत आणि दिवाळीच्या वा नाताळच्या सुट्टीत 'कुत्र्याचे काय करायचे?' हा प्रश्न त्या घरांत पडतोच. कोणी त्याला शेजाऱ्याकडे ठेवतो, कोणी बरोबर नेतो. नेणाऱ्यास वाटते की असा उद्योग करणारे आपणच पहिले. वस्तुस्थिती तशी नाही. आमच्या शेळगावच्या पंचक्रोशीतून, किंबहुना नीरेच्या दोन्ही काठांवरील बारामती, इंदापूर, फलटण या साऱ्या पट्ट्यातून, कुत्र्यांना बरोबर घेऊन सह्याद्री उतरून कोकणात जाणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती म्हणजे मेंढरे राखणारे धनगर. त्यांच्या जाण्याला 'सहल' हा शब्द शोभणार नाही. ते पोटासाठी जातात. पण केव्हा निघावे, कोणत्या घाटाने उतरावे, रोज किती चालावे, पाणी कोठे मिळेल, रात्री कुत्र्याने कोठे बसावे, या प्रश्नांची उत्तरे त्यांना मोटारवाल्याच्या कितीतरी आधी शोधावी लागली. प्रस्तुत लेखात ती उत्तरे समजून घेऊन, आज आपल्या कुत्र्यासह किनाऱ्याकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थी-प्राध्यापकांना त्यांचा काही उपयोग होतो का, हे पाहावयाचे आहे.

प्रथम, हे लोक जातात तरी का? इंदापूर तालुका पर्जन्यछायेचा. वर्षाकाठी येथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. घाटाखाली कोकणात तीन हजार मिलिमीटर पडला तरी कोणास नवल वाटत नाही. आपल्याकडील दख्खनी मेंढी ही कोरड्या हवेची. पावसाच्या चिखलात तिचे खूर कुजतात, लोकर भिजून अंगाला थंडी बसते. म्हणून पावसाळ्यात मेंढरे आपल्या माळांवर राहतात आणि दिवाळीच्या सुमारास माळ वाळू लागला की वाडे हलतात. त्याच वेळी कोकणात भात कापून झालेले असते. खाचरांत ओल असते, बांधांवर गवत असते, आणि शेतकऱ्याला खत हवे असते. मेंढरे एक-दोन रात्री खाचरात बसवली की लेंड्यामुताचे उत्तम खत पडते. त्याच्या बदल्यात धान्य किंवा रोख पैसे मिळतात. दोन हवामानांतील ही देवघेव म्हणजे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जागा मिळायला हवी असा विषय आहे. पण तूर्त आपला विषय कुत्रा.

'वाडा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चौसोपी घर येते. धनगराचा वाडा म्हणजे चार-सहा बिऱ्हाडांचा, एकत्र चालणारा तांडा. सामान घोड्यांवर. बायका घोडी घेऊन पुढे जाऊन तळ टाकतात; पुरुष मेंढरे चारीत मागून येतात. कोकरे, कोंबड्या आणि कुत्र्याची लहान पिल्ले घोड्याच्या पाठीवरील ओझ्यात बसून प्रवास करतात. रात्री मेंढरांभोवती जाळीचे कुंपण घालतात, त्याला वाघर म्हणतात. वाघरीच्या बाहेर कुत्री बसतात.

या कुत्र्यांचे काम नीट समजून घेतले पाहिजे. इंग्रजी चित्रपटांत मेंढरांना वळवणारी, शिट्टीबरोबर धावणारी कुत्री आपण पाहिलेली असतात. आपल्याकडचा कुत्रा तसा नव्हे. मेंढरे वळवायला माणूस, त्याची काठी आणि त्याची आरोळी पुरेशी असते. कुत्र्याने फक्त राखण करायची. त्याचे शत्रूही ठरलेले. शेळगावच्या जवळच कडबनवाडीचे गवताळ रान आहे. तेथे आजही चिंकारा आणि लांडगे आहेत आणि अलीकडे वनखात्याने तेथे पर्यटकांसाठी गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. पर्यटकाला जो लांडगा लांबून दिसला की आनंद होतो, तो मेंढपाळाच्या झोपेचा शत्रू. कुत्र्याचे भुंकणे हीच तेथे पहिली सूचना. पिल्लू वाड्यातच जन्मते, कोकरांच्या सोबतीने वाढते आणि मेंढरांना आपले गणगोत मानू लागते. त्याला कोणी वेगळे शिकवत नाही. भाकरी, ताक, शिळेपाके हा त्याचा आहार. कोकणात उतरले की भाकरीच्या जागी भात.

शेळगावातील एका वृद्ध मेंढपाळास मी या प्रवासाविषयी पुष्कळ प्रश्न विचारले. गावात त्यांना सारे आबा म्हणतात.

"आबा, कोकणात नेताना कुत्र्याची काय तयारी करता?"

"तयारी कशाची?" आबा म्हणाले. "ज्याला वाट ठावी हाय त्यो म्होरं चालतो. ज्याला न्हाई त्याला चार दिस दावं. मंग त्योबी शिकतो."

"आणि म्हातारा झाला असेल तर?"

"म्हातारा घरी ऱ्हातो. त्याला भाकर घालाया घरी कुनीतरी असतंय की. न्यायचं आन् वाटंत सोडायचं, ह्ये न्हाई करायचं."

मग थोडे थांबून त्यांनी जे सांगितले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. "पूर्वी भ्या लांडग्याचं व्हतं. आता गाडीचं. गाडीरस्ता लागला की पोरानं निसतं कुत्र्याकडं बघायचं, मेंढराकडं म्या बघतो. कुत्रं लांडग्याला भीत न्हाई, तसंच त्ये गाडीलाबी भीत न्हाई. तिथंच घात हुतो."

या उत्तरात प्रवासाच्या नियोजनाची तीन सूत्रे आलेली आहेत: कोणता कुत्रा न्यावा, कोणता नेऊ नये, आणि वाटेत एका माणसाने केवळ त्याच्यावरच लक्ष ठेवावे. शहरातील सुशिक्षित कुटुंब नेमके तिसरे विसरते. चारजण मोटारीतून उतरतात, प्रत्येकाला वाटते साखळी दुसऱ्याच्या हातात आहे, आणि महामार्गावरील चहाच्या टपरीसमोर कुत्रा रस्त्यावर धावतो.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. कुत्रा आणि प्रवास यांची सांगड आपल्या परंपरेत फार जुनी आहे. ऋग्वेदातील सरमा ही देवांची कुत्री पणींनी पळवून नेलेल्या गायींचा माग काढत रसा नदीचे पाणी ओलांडून गेली. महाभारताच्या अखेरीस पांडव महाप्रस्थानास निघतात तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागून चालतो. एकेक करून सारे पडतात, आणि 'या कुत्र्याला सोडून मी स्वर्गात येणार नाही' असे युधिष्ठिर इंद्राला सांगतो. या कथेतील एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही: तो कुत्रा युधिष्ठिराने पाळलेला नव्हता. तो वाटेतला सोबती होता. नामदेवांच्या नावे सांगितली जाणारी कथाही अशीच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले.

आपल्या भागापुरते बोलायचे तर खंडोबाला विसरून चालणार नाही. जेजुरी आपल्यापासून दूर नाही. खंडोबाच्या चित्रांत आणि मूर्तींत घोड्याबरोबर कुत्रा असतो, आणि देवाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेतात. काही विधींत ते कुत्र्याप्रमाणे भुंकतात आणि कोटंब्यातले अन्न खातात. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनी धनगरांचे वाडे, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली प्रसिद्ध झाले. मेंढपाळांची वाट आणि देवांची वाट या कशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे त्यांनी दाखवून दिले. कुत्र्याला 'वाघ्या' हे नाव का ठेवतात, असा प्रश्न मला लहानपणी पडे. त्यात वाघाचा दरारा आहेच, पण खंडोबाच्या वाघ्याची आठवणही असावी असे मला वाटते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे आपल्याच वाटेने जाते आणि काटेवाडीस मेंढरे पालखीभोवती रिंगण घेतात, हे तर सर्वांनी पाहिले आहे.

असो. आता वाटेकडे वळू.

शेळगावहून किनारा गाठायचा तर बारामती, नीरा, शिरवळ, भोर असे जाऊन वरंध घाटाने महाडास उतरणे ही एक सरळ वाट. दुसरी, फलटण, वाईवरून महाबळेश्वर आणि तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूर. पहिल्या वाटेने महाडपुढे मंडणगड तालुक्यातील वेळासचा किनारा अडीचशे ते तीनशे किलोमीटरवर पडतो. मेंढरांचा वाडा दिवसाला आठ-दहा, फार तर पंधरा किलोमीटर चालतो. म्हणजे त्याला घाट उतरून जायला पंधरवडा-तीन आठवडे सहज लागतात. मोटारीने तेच अंतर एका दिवसात होते. याच वेगात खरी अडचण आहे. चालत जाणाऱ्या कुत्र्याच्या अंगाला हवा, पाणी, उंची यांचा बदल हळूहळू सवयीचा होतो. मोटारीतला कुत्रा सकाळी कोरड्या माळावर असतो आणि संध्याकाळी दमट, खाऱ्या हवेत. त्याच्या शरीराचे काय होते ते समजून घेणे येथे आवश्यक आहे.

कुत्र्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा जास्त, म्हणजे सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. माणसासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो तेवढाच. उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापणे. धापताना तोंडातील ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होते. हवा कोरडी असेल तर वाफ झपाट्याने होते. कोकणातील दमट हवेत ती होत नाही. म्हणूनच आपल्या माळावर पस्तीस अंशांत मजेत हिंडणारा कुत्रा किनाऱ्यावर तीस अंशांतही हैराण होतो. बसक्या नाकाच्या परदेशी जातींची, पग किंवा बुलडॉग यांची, अवस्था याहून बिकट, कारण त्यांची श्वासाची वाटच अरुंद असते. अशा कुत्र्याला उन्हाळ्यात किनाऱ्यावर नेणे हा त्याचा छळ आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

बंद मोटारीत कुत्र्याला ठेवून जेवायला जाणे हा तर जीवघेणा प्रकार. बाहेर तीस अंश तापमान असले तर काचा लावलेल्या मोटारीत दहा मिनिटांत ते चाळिशीला टेकते. काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. कुत्रा सतत धापू लागला, लाळ गाळू लागला, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, पाय लटपटू लागले, की तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा, आणि जनावरांचे डॉक्टर गाठावेत.

मेंढपाळाचे पंचांग येथे उपयोगी पडते. त्यांचे वाडे दिवाळीनंतर निघतात आणि मृगाच्या आत माघारी येतात. पण खरा सुखाचा काळ मार्गशीर्ष ते माघ. मोटारीने जाणाऱ्यानेही डिसेंबर-जानेवारीच निवडावा. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वरंध घाट बहुधा बंदच ठेवतात, आणि कोकणातील साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, माणसालाही.

निघण्यापूर्वीची तयारी मेंढपाळापेक्षा आपल्याला थोडी अधिक करावी लागते. रेबीजची लस टोचलेली असली पाहिजे आणि ती प्रवासाच्या आदल्या दिवशी टोचून भागत नाही. पहिल्याच वेळची लस असेल तर तिचा परिणाम अंगी यायला सुमारे तीन आठवडे लागतात. पाश्चरने १८८५ साली कुत्र्याने चावलेल्या मुलाला लस देऊन वाचवले त्याला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली, तरी आपल्या देशात हा रोग अद्याप माणसे मारतोच आहे. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसीही घ्याव्यात. लशींची नोंद असलेले पुस्तक बरोबर असावे. उतरण्याच्या ठिकाणी ते मागतात. गळपट्ट्याला मालकाचा मोबाईल क्रमांक लिहिलेली पट्टी असावी. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खायला घालू नये, कारण घाटाची वळणे सुरू झाली की कुत्र्यालाही माणसासारखीच गाडी लागते. दर दोन तासांनी उतरवून पाणी पाजावे, पाय मोकळे करू द्यावेत. उतरवण्यापूर्वी साखळी हातात धरावी आणि मगच दार उघडावे. आबांचे वाक्य येथे आठवावे. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी इतकेच सांगतो की, कुत्र्याची रीतसर नोंदणी करून त्याला गार्डच्या डब्यातील खोक्यातून किंवा पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे घेतला असेल तर सोबत नेता येते.

वरंध घाट उतरला की महाड येते. येथे थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन, आणि ते केवळ कुत्र्याला पाणी पाजण्यासाठी नव्हे. याच गावात चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो सत्याग्रही या तळ्याचे पाणी प्यायले. ज्या तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता, तेथे अस्पृश्य माणसाला ओंजळभर पाणी घेण्याची बंदी होती. नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तो कागदावर राहिला होता. कुत्र्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने या तळ्याच्या काठी उभे राहून जनावराला पाणी पाजणारा पण माणसाला हाकलणारा हा समाज आपलाच होता, याचा विचार करावा. याच परिसरात रायगड आहे. तेथील वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ सालचे आहे. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकाने घरोघरी नेली, परंतु तिला समकालीन पुरावा नाही. यावरून वादही पुष्कळ झाले आहेत. मला वाटते, इनामदारी कथेतील कुत्र्यापेक्षा गडाच्या पायथ्याने मेंढरांमागून चालत गेलेली असंख्य अनाम कुत्री अधिक खरी आहेत.

मुक्कामाचे ठिकाण आधी दूरध्वनीवर विचारून ठरवावे. 'कुत्रा चालतो का' एवढेच न विचारता 'रात्री तो खोलीत झोपलेला चालतो का' असे विचारावे. कारण पुष्कळ ठिकाणी 'हो, अंगणात बांधा' असे उत्तर मिळते आणि तेथेच धोका आहे. कोकणातील वाड्या-रानांत बिबट्या असतो, आणि अंगणात बांधलेला कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. वाड्याची कुत्री रात्री मोकळी असतात, अनेक असतात आणि माणसे त्यांच्यामध्येच झोपलेली असतात. आपला एकटा कुत्रा तसा नसतो. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट आहे. दगडगोट्यांत, पालापाचोळ्यात नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला संध्याकाळनंतर मोकळे सोडू नये.

आता समुद्र. आपण देशावरची माणसे. आपल्याला विहीर, कालवा आणि उजनीचा फुगवटा ठाऊक, भरती-ओहोटी ठाऊक नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे, तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे, आणि त्या दिवसांत पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक कमी, तो भांग. कुत्र्याला पुळणीवर सोडायचे तर सकाळच्या ओहोटीची वेळ साधावी: वाळू टणक असते, ऊन कोवळे असते, पाणी लांब असते. खाडीच्या मुखाशी मात्र ओहोटीतही जाऊ नये. तेथील चिखलात पाय रुततात आणि पाणी परतताना ओढ फार असते.

तळहाताची मागची बाजू वाळूवर क्षणभर ठेवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसतो. खारे पाणी त्याला पिऊ देऊ नये. तहानेने त्याने ते ढोसले की उलट्या-जुलाब होतात, आणि प्रमाण जास्त झाले तर मेंदूवरही परिणाम होतो. म्हणून गोड्या पाण्याचा डबा किनाऱ्यावर हाताशी हवाच. कोळ्यांच्या जाळ्यांतून टाकून दिलेली मासळी वाळूवर पडलेली असते. तिच्यात केंड मासा असला तर तो अतिशय विषारी. पाकटाचा काटा तोंडात रुतला तर वेगळेच संकट. सुकत घातलेल्या मासळीच्या जवळ कुत्रा नेणे तर साफ अशिष्टपणाचे आहे. ती कोणाची तरी वर्षाची पुंजी असते. मे महिन्यात गेलात तर आंब्याच्या कोयीही सांभाळा. गिळलेली कोय कुत्र्याच्या आतड्यात अडकते आणि ती काढायला शस्त्रक्रियेखेरीज इलाज राहत नाही.

परंतु या साऱ्याहून गंभीर बाब दुसरीच आहे, आणि तिच्यात धोका कुत्र्याला नसून कुत्र्यापासून आहे. वेळास, आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर, दिवेआगर या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री वाळूवर येतात. मादी खड्डा उकरून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा कधी त्या अंड्यांकडे ती येत नाही. पन्नासएक दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि पाण्याकडे धावतात. पूर्वी माणसेच ही अंडी काढून नेत. कुत्री आणि कोल्हेही घरटी उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ साली वेळासला गावकऱ्यांच्या मदतीने संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवायची, पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची. पुढे तेथे कासव महोत्सव भरू लागला आणि गावाला त्यातून चार पैसेही मिळू लागले.

आता पाहा, मेंढपाळाचा आणि आपला प्रवासाचा सोयीचा काळ हाच कासवांच्या विणीचा काळ. कुत्र्याला वाळू उकरण्याची स्वाभाविक खोड आणि नाक तीक्ष्ण. ज्या घरट्याचा मागमूस माणसाला लागत नाही ते त्याला अर्ध्या मिनिटात सापडते. आपला लाडका 'टॉमी' शंभर अंड्यांचा नाश करून शेपटी हलवीत परत येईल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण आहे. म्हणून विणीच्या किनाऱ्यावर कुत्रा संध्याकाळनंतर नेऊच नये, आणि दिवसाही साखळी सोडू नये. 'मग एवढ्या लांब नेऊन काय उपयोग?' असे कोणी विचारील. मोकळे सोडायचेच असेल तर जेथे घरटी नोंदली जात नाहीत असा किनारा गावकऱ्यांना विचारून निवडावा. विचारले तर ते सांगतात. आमच्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे असे की, एका कुत्र्याने असे कितीसे नुकसान होणार? त्याला मी एवढेच विचारले की, सुट्टीच्या एका आठवड्यात किनाऱ्यावर किती मोटारी येतात ते मोज आणि मग बोल.

हाच प्रश्न आपल्या माळावरही आहे, हे येथे नमूद करणे योग्य होईल. पुणे जिल्ह्याच्या गवताळ भागात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होत असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अनुवंशशास्त्रीय संशोधनातून सिद्ध झाले. डिस्टेंपरसारखे रोग कुत्र्यांकडून लांडग्यांकडे जाण्याचीही भीती असते. म्हणजे कुत्र्याला लस टोचणे हे केवळ त्याच्यासाठी नसते.

दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे किनाऱ्याने जायचे तर खाड्या आडव्या येतात. बाणकोटच्या खाडीत वेसवी ते बागमांडला, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे, राजपुरीच्या खाडीत दिघी ते आगरदांडा अशा जंगल-बोटी मोटारींसह माणसे पलीकडे नेतात. यंत्राच्या धडधडीने कुत्रा बिथरतो. बोट सुटण्यापूर्वी त्याला मोटारीत काचा उघड्या ठेवून बसवावे आणि ओळखीच्या माणसाने शेजारी बसावे. पट्टा आखूड धरावा.

परतीच्या वाटेचे मेंढपाळांना फार महत्त्व. वळवाचे ढग दिसू लागण्याच्या आत वाडे घाट चढू लागतात. मात्र दरवर्षी जाणाऱ्या वाड्यांची संख्या कमी होते आहे, असे आबा सांगतात. इकडे नीरा डाव्या कालव्याने आणि उसाने माळ व्यापले, तिकडे खाचरांच्या जागी कुंपण घातलेल्या आंब्या-काजूच्या बागा आणि बंगले आले, मध्ये चौपदरी रस्ता. ज्या घरातून तीन पिढ्या कोकणात गेल्या, त्या घरातील मुलगा आज आपल्याच महाविद्यालयात शिकतो आणि त्याला कोकणची वाट नकाशावर पाहावी लागते. वाड्याच्या जुन्या कुत्र्यांना मात्र ती नाकाने ठाऊक असे. पूर्वी मागे राहिलेला कुत्रा चार दिवसांनी तळावर हजर झाल्याच्या हकिकती आपल्याकडे घरोघरी सांगतात. मोटारीत बसून गेलेल्या कुत्र्याला असा माग लागत नाही. तो हरवला तर हरवलाच. दुर्दैवाने काही जण मुद्दाम किनाऱ्यावर कुत्री सोडून येतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे.

घरी आल्यावर कुत्र्याला गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावे; मीठ आणि वाळू केसांत राहिली की कातडीला खाज सुटते. कान कोरडे करावेत. बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी गोचीड शोधावेत. गोचिडावर रॉकेल ओतणे किंवा विस्तव लावणे हा आपल्याकडचा जुना उपाय चुकीचा आहे, त्याने कातडी भाजते आणि गोचीड चिडून अधिक लाळ सोडतो. चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढून काढावा. पुढील दोन-तीन आठवडे कुत्रा खाईना, मलूल झाला, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या किंवा नाकातून रक्त आले, तर गोचीडतापाची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि आपण कोकणात जाऊन आलो हे त्यांना आवर्जून सांगावे.